पडद्यावरच्या स्वयंपाकघरात डोकावणारी मी एकटीच का?

लाटणंवाली

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज धागा काढायचं धाडस करतेय. सांभाळून घ्या.

मी डबे देते. सध्या बावीस आहेत, परीक्षांच्या दिवसांत तीसपर्यंत जातात. सकाळी साडेपाचला कणीक भिजवते, अकराला शेवटचा डबा बाहेर पडतो. या वेळात फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि त्यावर आदल्या रात्रीची मालिका चालू असते. मालिका मी बघत नाही, ऐकते. हात पिठात आणि डोळे तव्यावर असल्यावर बघणार काय? त्यामुळे लोक मालिकांना ज्यावरून नावं ठेवतात ते मला कधी खुपलं नाही. एकच गोष्ट तीनदा सांगतात, कोणी दारात आलं की ढॅण्ण वाजतं, "म्हणजे तुला असं म्हणायचंय की..." करत मागचं सगळं परत येतं. अहो, ते माझ्यासाठीच आहे! पहिल्यांदा सांगतात तेव्हा मिक्सर चालू असतो, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी होते, तिसऱ्यांदा कळतं. ढॅण्ण झालं की मान वर करायची, कोण आलं बघायचं आणि पोळी उलटायची.

सिनेमा मात्र मी दुपारी पाय पसरून, सगळं आवरल्यावर बघते. आणि तिथं खोड अशी की नजर आधी ओट्यावर जाते. गॅस खरंच पेटलाय का? लाटणं धरलेल्या बाईने आयुष्यात कधी पोळी लाटलीय का? (दोन सेकंदांत कळतं. ज्यांना येत नाही त्या लाटणं दाबतात. ज्यांना येतं त्यांची पोळी आपोआप फिरते.) जेवण झाल्यावर खरकटी भांडी कुठं जातात?

तर या नजरेने बघितलेलं थोडंसं सांगते.

गुलाबजाम (२०१८, सचिन कुंडलकर). डबे देणाऱ्या बाईवर आख्खा सिनेमा, म्हणजे मी पहिल्या आठवड्यात जाणारच. सिद्धार्थ चांदेकर लंडनची बँकेतली नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात येतो आणि सोनाली कुलकर्णीच्या, म्हणजे राधाच्या, दारात जाऊन बसतो. मला सगळ्यात आवडलं ते राधाचं तिरसट असणं. डबे देणारी बाई म्हणजे अन्नपूर्णा, प्रेमळ, "अजून एक घे रे बाळा" करणारी असणार, असा लोकांचा का कोण जाणे समज आहे. मी बावीस जणांवर प्रेम करत नाही हो. मी बावीस जणांना वेळेवर जेवायला घालते. राधाला माणसं नको असतात, स्वयंपाक हवा असतो, आणि हे सिनेमात कोणीतरी दाखवलं याचं मला फार बरं वाटलं.

तक्रार एवढीच की सगळं फार देखणं आहे. मी तिच्या मनगटावर चटके शोधत होते. कुकरच्या कडेचा, तव्याचा, तेलाचा असे माझ्या डाव्या हातावर पाच डाग आहेत. आणि उधारी! डबेवालीचा निम्मा जीव उधारीत जातो. मागच्या वर्षी एक मुलगा दोन महिन्यांचे पैसे न देता खोली सोडून गेला. स्टीलचा डबाही घेऊन गेला, चार पुडांचा. पैशांपेक्षा डब्याचं जास्त वाईट वाटलं.

द लंचबॉक्स (२०१३). इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा रोज चुकून इरफानच्या टेबलावर जातो. सगळ्यांना इरफान आवडतो, मलाही आवडतो. पण माझ्यासाठी तो सिनेमा वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटींचा. आख्ख्या सिनेमात दिसत नाहीत, नुसता आवाज. भारती आचरेकर. खिडकीतून टोपली खाली येते, मसाला येतो, सल्ला येतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईची सोबत बहुतेक वेळा आवाजाचीच असते. शेजारणीचा, नाहीतर रेडिओचा, नाहीतर माझ्यासारखा मालिकेचा. हे दिग्दर्शकाला कसं कळलं असेल? आणि एक दिवस इला रिकामा डबा पाठवते, तिथं माझ्या पोटात खड्डा पडला. रिकामा डबा भरलेल्या पिशवीत घालून देणं हे आमच्या धंद्यात शिवी देण्यासारखं आहे.

द ग्रेट इंडियन किचन (मल्याळम, २०२१). मुलीने लावून दिला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, लग्न होऊन आलेली मुलगी, शिक्षक नवरा, सासरा. भात चुलीवरच हवा, कुकरचा चालत नाही. कपडे मशीनमध्ये नकोत. जेवताना चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा टेबलावर ताटाबाहेर. आणि सिंकखालचा गळका पाइप. रोज सांगते, रोज तो प्लंबरला बोलवायला विसरतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे चिरण्याचा, घासण्याचा, ओतण्याचा आवाज थेट कानात येतो. ढॅण्ण नाही, म्हणून मान खाली घालायची सोय नाही.

आमच्याकडे डबे धुण्याचं काम ह्यांचं. रिटायर झाल्यापासून स्वतःहून घेतलंय आणि चोख करतात. ते शेजारी बसून बघत होते. संपल्यावर म्हणतात, "त्या सिंकला पहिल्या दिवशी जाळी बसवली असती तर निम्मा पिक्चर वाचला असता."

तुम्ही सांगा, तुम्ही असं काही बघता का, का मलाच हा रोग आहे?

---

खारीबिस्कीट

ताई, पहिलाच धागा आणि असा! काकांना सांगा, जाळी कोणी बसवायची, हाच तर पिक्चर आहे :))

---

टेकडीवरचा

खारीबिस्कीट, __/\__

लंचबॉक्सबद्दल एक जुना वाद आहे, इथं काढतो. मुंबईचा डबेवाला चुकत नाही, त्यामुळे सिनेमाचा पायाच खोटा, असं बरेच जण म्हणतात. माझे वडील फोर्टमध्ये नोकरीला होते, पंचवीस वर्षं घरचा डबा गेला. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा असतात. कुठल्या स्टेशनावरून आला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. वाटेत तीन-चार हात बदलतात आणि प्रत्येक जण फक्त आपल्या कामाची खूण बघतो. आतलं नाव कोणी वाचत नाही.

आता विचार करा. माणूस चुकला तर डबा एक दिवस चुकेल. खूणच चुकली तर डबा रोज चुकेल, आणि रोज त्याच चुकीच्या टेबलावर अगदी वेळेवर पोचेल. म्हणजे सिनेमात दिसतं ते व्यवस्था बिघडल्याचं लक्षण नाही, ती नको इतकी चोख चालल्याचं लक्षण आहे. डबेवाला तिला ठामपणे सांगतो की आमच्याकडून चूक होत नाही, ते त्याच्या बाजूने खरंच आहे.

---

लाटणंवाली

टेकडीवरचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याकडे दोन "हाफ डबा, बिनकांद्याचा" आहेत, त्यातल्या एकावर चुकून लाल दोरा बांधला गेला होता. तो आठ दिवस दुसऱ्याच मजल्यावर जात होता आणि तिथला माणूस गप्प खात होता. बिनकांद्याचं आवडलं म्हणे.

---

निमसरकारी

कसोटी गोड आहे, पण सिनेमाला लावण्याजोगी नाही, असं नम्र मत. मग उद्या सुतार म्हणेल खुर्चीचे सांधे बघा, शिंपी म्हणेल काजं बघा. 'सामना' घ्या. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल, निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर. त्यात स्वयंपाकघर कुठे आहे? म्हणून तो कमी प्रतीचा का?

---

लाटणंवाली

निमसरकारी दादा, सुताराने खुर्चीचे सांधे बघितले तर मला आवडेलच. त्याने धागा काढावा, मी पहिली वाचेन.

आणि 'सामना'त काय आहे हो? हिंदुरावाने (निळू फुले) त्या मास्तरला (डॉ. लागू) घरात ठेवून घेतलंय, खायला-प्यायला घालतोय. दारू तर मुद्दाम पाजतोय. कुणाच्या घरचं खाल्लं की तोंड उघडणं अवघड होतं, आणि तरी मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" हा एकच प्रश्न विचारत सुटतो. आमच्याकडे मिंधा म्हणतात त्याची गोष्ट आहे ती. पंगत बाहेर दिसते, स्वयंपाकघर आत असणारच ना.

---

निमसरकारी

हरलो.

---

कोरा कागद

निमसरकारी इतक्या लवकर हरलेले या संस्थळावर प्रथमच बघतोय. धागा जपून ठेवा.

ताई, 'कोर्ट' बघितलात का? (२०१४, चैतन्य ताम्हाणे.) गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहे. कोर्टात ती कायद्याची कलमं एकसुरात वाचत जाते. लोकशाहीराला आत ठेवण्यासाठी वाचते, पण तिच्या आवाजात राग-द्वेष काही नाही, रेशनची यादी वाचावी तसं. मग कॅमेरा तिच्यामागे घरी जातो. लोकल, मुलाला घेणं, स्वयंपाक. मला आधी कळेना हे कशाला दाखवतायत. नंतर उलगडलं की तिच्यासाठी दोन्ही एकाच पद्धतीची कामं आहेत. हातावेगळी करायची. ती वाईट बाई असती तर सिनेमा सोपा झाला असता.

---

लाटणंवाली

बघितलाय. आणि तिला स्वयंपाक येतो! लुटुपुटूचं नाही. मी त्या प्रसंगात कोर्टाचं सगळं विसरले. मग पुढच्या तारखेला ती परत उभी राहिली तेव्हा दचकले, की अरे, ही तीच बाई. तुम्ही म्हणताय तेच बहुतेक.

---

गोलम्या सोलम्या

माझं एकदम अवांतर. मी एका मालिकेच्या सेटवर काही महिने काम केलंय, मालिकेचं नाव सांगत नाही. ताट कधीच रिकामं का होत नाही याचं उत्तर सरळ आहे. एक प्रसंग आठ-दहा वेळा वेगवेगळ्या बाजूंनी घेतात. नटाने दोन घास खाल्ले तर पुढच्या वेळी ताट पुन्हा तेवढंच भरावं लागतं, नाहीतर जोडताना पोळी अर्धी होते, परत आख्खी होते. म्हणून सगळे नुसता घास घोळवतात. पोहे सकाळी सातला केलेले असतात, दुपारी तीनपर्यंत तेच. वरून कोथिंबीर तेवढी ताजी पेरतात. मी ती कोथिंबीर पेरणारा होतो.

---

खारीबिस्कीट

"मी ती कोथिंबीर पेरणारा होतो" हे आत्मचरित्राचं नाव ठेवा कृपया.

---

आजोळ

मालिकांवरून आठवलं. 'आई कुठे काय करते' मी पहिलं वर्षभर अगदी नेमाने बघितली. मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली आहे हे नंतर कळलं, पण ते घर मला आपलंच वाटलं होतं. अरुंधतीला कोणी "तू काय करतेस दिवसभर" म्हटलं की आमच्या घरात शांतता पसरायची. पुढे ती गायिका झाली, दुसरं लग्न झालं, संकटांवर संकटं आली. अरुंधती झालेल्या मधुराणीचं काम शेवटपर्यंत चांगलं. पण नावातला जो प्रश्न होता तो कुठेतरी मागेच राहिला. घरकामाला किंमत आहे की नाही, याचं उत्तर "ती किती छान गाते" हे कसं असेल? गाता न येणाऱ्या आयांनी काय करायचं?

---

लाटणंवाली

आजोळ, शंभर टक्के. हे मला नेमकं मांडता येत नव्हतं. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये मी जान्हवीच्या बाळंतपणाची वाट बघत दोन गॅस सिलिंडर संपवले असतील, धंद्याचे, एकोणीस किलोचे. पण त्या मालिकेने निदान स्वयंपाकघराला प्रश्न विचारला नव्हता, म्हणून अपेक्षाही नव्हती. इथं विचारला आणि सोडून दिला.

---

कुडाळदेशी

'रात्रीस खेळ चाले' कोणी काढला नाय अजून? आकेरीचो वाडो आमच्यापासून लांब नाय. मालिका चालू असताना थंय फोटो काढूक ही गर्दी. अंधश्रद्धेवरून आमच्याकडे लोक चिडले होते, मीही थोडा चिडलो होतो. पण एक सांगतो, टीव्हीवर मालवणी ऐकून आमची आजी पहिल्यांदा टीव्हीला उत्तर देऊ लागली. माईला म्हणायची, "गो, इतक्या सोसतंस कित्या?" भुताबिताचं तिला काही पडलं नव्हतं. माईच्या नवऱ्याचा, अण्णा नाईकाचा, राग तिला शेजाऱ्याचा यावा तसा यायचा.

---

टेकडीवरचा

कोकण निघालंच आहे तर 'तुंबाड'. हिंदी आहे, पण घर, पाऊस, वाडा सगळं आपलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं आणि भयाची प्रेरणा नारायण धारपांची. ताई, हा तुमच्यासाठीच आहे, कारण त्यात राक्षसाला भूक कशाची आहे? कणकेची!

---

लाटणंवाली

'तुंबाड' मी २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला तेव्हा थिएटरात बघितला, मुलीबरोबर. त्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त चालला ना तो? आमच्या शोला तर भरपूर गर्दी होती.

हस्तरला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो युगानुयुगं उपाशी. त्याला भुलवायला कणकेची बाहुली घेऊन आत उतरायचं. तो बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या कमरेचं सोनं ओढायचं. आजूबाजूची पोरं किंचाळत होती आणि मी विचार करत होते की कणीक फार सैल भिजवलीय, एवढी सैल असेल तर हात सुटतील बाहुलीचे. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज."

पण मग शेवटाकडे बापलेक लोभापायी एका बाहुलीच्या ऐवजी पुष्कळ बाहुल्या नेतात, तिथं मात्र मीही घाबरले. ते मला ओळखीचं होतं. बावीसचे एकदम चाळीस डबे घेतले की काय होतं, मी एका वर्षी बघितलंय. ऐपतीपेक्षा जास्त कणीक भिजवू नये.

---

तळ्यातमळ्यात

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. मी शिकागोजवळ राहतो. 'द बेअर' (२०२२) बघा. नामांकित हॉटेलांत काम केलेला तरुण शेफ भावाच्या मृत्यूनंतर त्याचं सँडविचचं कळकट दुकान चालवायला घरी येतो. पहिल्या सीझनचा सातवा भाग जवळजवळ पूर्ण एका सलग शॉटमध्ये आहे. नवीन ऑनलाइन यंत्रणा सुरू करताना आगाऊ ऑर्डर घेण्याचा पर्याय चुकून चालू राहतो आणि दुकान उघडण्याआधी छपाईयंत्रातून ऑर्डरींची पट्टी बाहेर यायला लागते. थांबतच नाही. माणसं एकमेकांवर ओरडतायत, सुऱ्या हातात, जागा एवढीशी. मी संगणकवाला माणूस, पण तो भाग बघून मला घाम फुटला.

---

लाटणंवाली

तळ्यातमळ्यात, मुलीने कालच लावून दिला. भाषा निम्मी कळली नाही, पण भांडणं सगळी कळली. एक फार पटलं. मागून जाताना ते लोक मोठ्याने "मागे आहे" म्हणतात, वळणावर "वळतोय" म्हणतात. आमच्या घरात आजपासून सुरू केलंय. हे उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन "मागेऽऽ" ओरडत येतात. ओरडायला त्यांना भलतंच आवडायला लागलंय, रिकामी वाटी असली तरी ओरडतात.

---

कोरा कागद

ताई, आता शेवटचा बाण. 'जान दीलमान', शांताल आकेरमान, १९७५. ३ तास २१ मिनिटं. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा आणि तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, मांसाच्या तुकड्यांना पीठ लावते, भांडी घासते, दिवे मालवते, आणि हे सगळं जवळजवळ पूर्ण वेळ दाखवलंय. २०२२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा पहिला आला.

---

निमसरकारी

तीन तास बटाटे? यात मात्र मी हरणार नाही.

---

लाटणंवाली

कोरा कागद, मी रोज तीन किलो बटाटे सोलते, मला बघायला कोणी तिकीट काढून येत नाही :) मुलीला विचारते मिळतो का.

---

गोलम्या सोलम्या

ताई गायब? तीन तासांत अडकल्या बहुतेक.

---

लाटणंवाली

आले आले. अडकलेच होते. चार दुपारी मिळून अर्ध्याच्या थोडा पुढे गेलाय. शेवट कोणी सांगू नका, काहीतरी होणार आहे एवढं कळतंय.

पहिला दिवस मी कंटाळत बघितला. बाई टापटीप आहे. खोलीतून निघताना दिवा बंद, झाकणाला झाकण, सगळं जिथल्या तिथं. (घरी पुरुष येतात, ती त्याचे पैसे घेते, ते पैसे जेवणाच्या टेबलावरच्या भांड्यात ठेवते. तेही तितक्याच टापटिपीने.) ह्यांनी वीस मिनिटांत झोप काढली.

दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. बस, एवढंच घडतं. पण ती ते पातेलं उचलते आणि कुठं ठेवावं तेच तिला सुचत नाही. पातेलं घेऊन ती घरभर फिरते. न्हाणीघरात जाते, तशीच बाहेर येते. मी ह्यांना हलवून उठवलं. म्हटलं, बघा, हिचं काहीतरी बिनसलंय. ते म्हणाले, बटाटेच तर आहेत, दुसरे लावेल.

सासूबाई गेल्या त्याच्या तेराव्यानंतर मी डबे परत सुरू केले, त्या पहिल्या दिवशी माझा भात लागला. एवढ्या वर्षांत कधी लागला नव्हता. मीही ते पातेलं घेऊन गॅलरीत गेले होते. गॅलरीत का गेले ते तेव्हाही माहीत नव्हतं. खाली बघत किती वेळ उभी होते कोण जाणे, डबा न्यायला पोरगा आला तेव्हा हाताला चटका बसलाय हे कळलं. त्या पाच डागांतला एक तो.

निमसरकारी दादा, तुम्ही बघू नका, खरंच नाही झेपणार. आजोळ, तुम्ही मात्र बघा.

उद्या संकष्टी आहे, नऊ डबे उपासाचे. साबुदाणा भिजवायला उठते आता. उरलेला पिक्चर परवा.